शहराचे नाव आणि ट्रंपेटचा सूर: क्रिस पेरी यांची गीतरचना

संगीतरचनेतील शहर नेमके कोठे वसते, स्वरांत की शीर्षकात, हा प्रश्न जॅझच्या इतिहासात वारंवार उपस्थित होतो. अमेरिकन ट्रंपेटवादक डिझी गिलेस्पी यांची ‘अ नाइट इन ट्युनिशिया’ ही विख्यात रचना १९४० च्या दशकात ‘इंटरल्यूड’ या स्थलनिरपेक्ष नावानेही ध्वनिमुद्रित झाली होती. येथे स्थळ ही सुरांची पूर्वअट नसून श्रोत्याच्या कल्पनेला दिलेली एक दिशा आहे. याउलट ड्यूक एलिंग्टन यांनी १९६३ साली भारतासह आशियातील अनेक देशांचा दौरा केला आणि त्यातून, बिली स्ट्रेहॉर्न यांच्या सहयोगाने, ‘फार ईस्ट सूट’ साकारली. तिच्यातील ‘आग्रा’ व ‘ब्लूबर्ड ऑफ दिल्ली’ या रचनांमागे प्रत्यक्ष प्रवास आहे. परंतु तो पाहुण्याचा प्रवास आहे. पाहुणा शहर पाहतो आणि परततो.

गोमंतकीय ट्रंपेटवादक व संगीतकार क्रिस पेरी यांची कोकणी गीते या दोन्ही प्रकारांहून वेगळी आहेत. १९२८ साली मडगावात जन्मलेल्या पेरींच्या प्रवासामागे पर्यटनाची हौस नव्हती, उपजीविकेची निकड होती. गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांतून मिळणाऱ्या स्वरलेखनाच्या शिक्षणाने वादकांच्या अनेक पिढ्यांना मुंबई-कलकत्त्याची वाट दाखवली. धोबी तलावाच्या परिसरातील ‘कुड’ हे त्यांचे निवारे आणि हॉटेलांची नृत्यगृहे ही त्यांची कर्मभूमी. मात्र या स्थलांतरात वादकाचे नाव बहुधा हरवत असे. चित्रपटसंगीतातील वाद्यमेळ बांधणारे कितीतरी गोमंतकीय कलावंत संगीत दिग्दर्शकाच्या नावाआड राहिले. चर्चगेटजवळच्या अॅस्टोरिया हॉटेलातील ‘व्हेनिस’मध्ये वादन करणाऱ्या पेरींनी मात्र आपल्या बोलीत, आपल्या नावाने गीते रचली. म्हणूनच ‘कळंगुट’ आणि ‘लिस्बोआ’ ही शीर्षके केवळ स्थलनिर्देश ठरत नाहीत. गाव सोडलेल्या माणसाने आपला पत्ता पुन्हा उच्चारावा, तसा त्यांचा स्वर आहे.

या दोन शीर्षकांमधील अंतरही अर्थपूर्ण आहे. एक समुद्रकाठचे परिचित गाव, तर दुसरी १९६१ पर्यंत गोव्यावर सत्ता गाजवणारी दूरची राजधानी. राजकीय नाते तुटले तरी सांस्कृतिक स्मृती कशी टिकते, याची साक्ष भाषाच देते. ‘नाचुंया कुंपासार’ या गीताच्या शीर्षकातील ‘कुंपास’ म्हणजे ताल, आणि हा शब्द पोर्तुगीज ‘कोम्पासो’पासून आलेला. जॅझचा ताल अमेरिकेतून, त्याचे नाव पोर्तुगालमधून आणि उच्चार कोकणातून: प्रवासाचे वर्णन न करताही हे गीत प्रवासाचा इतिहास वागवते. लॉर्ना यांचा पिळदार आवाज थांबतो तेथे पितळी वाद्ये उत्तर देतात. जॅझमधील हे सवाल-जवाब येथे निघून गेलेला व मागे राहिलेला यांच्या संवादासारखे भासतात.

या रचनांची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्या नृत्यासाठी सिद्ध झाल्या असल्याने शहराचे श्रम आणि त्यातील विषमता त्यांत क्वचितच उतरते. मुंबईहून हावड्याकडे जाणारी एक आगगाडी नागपूर-रायपूरवरून धावते. अशा मधल्या स्थानकांना या नावाजलेल्या गीतांत स्थान नाही. प्रवासाची दोन टोके गातात, वाट मुकी राहते. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ने १९७२ साली मुंबईचा जो तळ उघडा केला, तो येथे शोधू गेल्यास निराशाच पदरी पडेल.

तरीही मराठी समीक्षेने महानगरीय संवेदनेचा विचार करताना केवळ कवितेकडे पाहिले आणि त्याच शहरात, त्याच काळात घुमणारा हा सूर परका मानला, हे न्याय्य म्हणता येत नाही. पेरी पुढे दुबईला गेले, तेथे त्यांनी संगीतविद्यालय चालवले; २००२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या गीतांवर उभा राहिलेला ‘नाचुंया कुंपासार’ हा चित्रपट २०१४ साली आला आणि राष्ट्रीय पुरस्कारांनी गौरवला गेला. ज्या पिढीने ती नृत्यगृहे पाहिली नाहीत, तिलाही ही गीते आपली वाटली. शहरे बदलली, नृत्यगृहे मिटली. उच्चारलेला पत्ता मात्र सुरांत शाबूत राहिला.