१७ सप्टेंबर १९४८ : कथनाचा शेवट आणि बंदिवानाची अनुपस्थिती

हैदराबाद मुक्तिसंग्रामाविषयीच्या मराठी आठवणपर लेखनाचा कथनव्यूह बहुधा ठरलेला असतो : रझाकारांचे अत्याचार, सरहद्दीवरील कॅम्प आणि अखेरीस १७ सप्टेंबर १९४८ ची शरणागती. अत्याचारांचे वर्णन त्यात तपशीलवार येते, आणि ते यावयासच हवे. परंतु शरणागतीनंतर शस्त्र खाली ठेवलेल्या माणसाचे काय झाले, हा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच निवेदन थांबते.

'पोलीस अ‍ॅक्शन' ही संज्ञाच तपासावी. १३ सप्टेंबरला सोलापूरहून नळदुर्गाकडे निघालेल्या फौजेत रणगाडे होते. नाव मात्र पोलिसी. युद्ध म्हणावयाचे नाही असे ठरले की युद्धकैदी ही कोटीही भाषेतून हद्दपार होते. (अंतर्गत संघर्षातील बंदिवानांना किमान संरक्षण देणारा जिनिव्हा करार पुढल्या वर्षीचा, ऑगस्ट १९४९ चा.)

या मौनासमोर ठेवावी अशी संहिता म्हणजे सुंदरलाल समितीचा अहवाल. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पाहणी केली. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ. काही ठिकाणी सशस्त्र दलांतील लोकांनीच मुसलमान पुरुषांना बाहेर काढून ठार केले, असेही त्यात नोंदलेले आहे. अंदाजाविषयी वाद आहेत. अहवाल २०१३ पर्यंत सामान्य अभ्यासकाच्या हाती नव्हता, तेव्हा पूर्वीच्या लेखकांना सर्वस्वी दोष देता येत नाही. मात्र गावोगावी जे बोलले जात होते, त्याला अहवालाची गरज नव्हती.

अहवालात सोलापूर दोषाच्या संदर्भात येते : फौजेच्या मागोमाग शिरलेल्या सशस्त्र टोळ्यांतील काही माणसे येथली. आणि त्याच अहवालात, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी प्राण गमावूनही मुसलमान विणकरांना वाचविल्याची नोंद आहे. मागांच्या या शहरात या दोन्ही वाक्यांना वाङ्मयीन वारस मिळू नये, हे मला केवळ विस्मरण वाटत नाही.

कासीम रझवीवर खटला चालला. त्याने येरवड्यात शिक्षा भोगली आणि १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. नायक-खलनायकाच्या कथनात त्याला पात्र म्हणून जागा आहे. गावाबाहेर नेलेल्या निःशस्त्र माणसाला ना खटला मिळाला, ना पात्रत्व.

— सात रस्ता, सोलापूर