धुक्यातील नदी

कॅलेंडरावरील चित्राला आपण सहसा कला म्हणत नाही. वर्ष सरले की ते मुलांच्या वह्यांना कव्हर घालायला जाते. माझ्या वर्गात अशी कितीतरी हिमशिखरे आणि धबधबे दर जूनमध्ये बाकांवर येतात. टास्मानियातील छायाचित्रकार पीटर डोंब्रोव्हस्किस याने मात्र कॅलेंडरे नि डायऱ्या छापूनच पोट भरले, आणि तरीही तो मोठा कलावंत होता असे मी म्हणतो.

तो जन्मला १९४५ साली जर्मनीत, युद्धाने परागंदा झालेल्या लॅटव्हियन आईबापांच्या पोटी. १९५० साली आईबरोबर तो ऑस्ट्रेलियात आला. तेथे त्याला गुरू भेटला तोही निर्वासितच, लिथुएनियाचा ओलेगास ट्रुखानास. १९६७ च्या वणव्यात ट्रुखानासचे घर जळाले, चित्रेही जळाली. तो पुन्हा रानात गेला आणि १९७२ साली गॉर्डन नदीत बुडून मेला. त्याच वर्षी त्याचे लाडके पेडर सरोवर धरणाखाली गेले.

मग पाळी आली फ्रँकलिन नदीची. गॉर्डनवर नवे धरण झाले की तीही बुडणार होती. १९७९ साली डोंब्रोव्हस्किसने टिपलेले चित्र त्याच नदीचे: मधोमध खडकाचे बेट, मागे सकाळचे धुके, खाली फेसाळ पाणी. १९८३ च्या निवडणुकीत ते वर्तमानपत्रांतून पानभर रंगीत छापले गेले. धरणाला विरोध करणारे सरकार आले, आणि १ जुलै १९८३ रोजी उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी त्या सरकारची बाजू उचलून धरल्यावर धरण थांबले. हे सारे एका चित्राने केले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. नदीकाठी बाराशेहून अधिक माणसे अटक करून घेत होती!

आणि खरे सांगायचे तर मला हे चित्र त्याचे सर्वोत्तम वाटत नाही. त्याला थोडा दरबारी थाट आहे. मॅक्वारी बेटावरील समुद्रशेवाळाचे त्याचे चित्र पाहावे. किनाऱ्यावर गुंतून पडलेले ते चामड्यासारखे पट्टे! त्यात पर्वत नाही, आभाळ नाही. जड कॅमेरा पाठीवर वाहून न्यायचा, आणि टिपायचे काय, तर पायाखालचे शेवाळ. ही नजर घोषणेच्या कामाची नाही; म्हणूनच ती मला अधिक विश्वासाची वाटते.

एक गोष्ट मात्र खटकते. त्याच्या रानात माणूस जवळजवळ नाहीच. त्याच फ्रँकलिनच्या काठी कुटिकिना गुहेत १९८१ साली दगडी हत्यारे नि हाडे सापडली, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या आदिवासींच्या वस्तीची. जे रान आपण निर्मनुष्य म्हणून पूजतो, ते कुणाचे तरी घर होते. धुके फार सुंदर असले की असे काही दिसेनासे होते.

१९९६ च्या मार्चमध्ये वेस्टर्न आर्थर्स पर्वतात तो एकटाच चित्रे घेण्यास गेला, तेथेच हृदयविकाराने वारला. वय अवघे ५१. त्याच्या रंगीत पारदर्शिका आज कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.