निकालानंतरचे शहाणपण : दूरचित्रवाणीवरील फुटबॉल-चर्चा

शनिवार-रविवारच्या फुटबॉल सामन्यांनंतर दूरचित्रवाणीवर जी चर्चा होते, तिला निव्वळ मनोरंजन समजून सोडून देण्याची आपल्याकडील अभ्यासकांची प्रवृत्ती आहे. वस्तुतः या चर्चेत घटनेचे वर्णन, विश्लेषण आणि मूल्यमापन या तिन्ही क्रिया घडत असतात. समीक्षेच्या अभ्यासकाने तिची दखल घ्यावी, याला एवढे कारण पुरेसे आहे.

बी.बी.सी.चा ‘मॅच ऑफ द डे’ हा शनिवारचा कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झाला. लिव्हरपूलने आर्सेनलला ३-२ असे हरविले, तो सामना त्या दिवशी संक्षेपाने दाखविण्यात आला. त्या काळी दाखविणे मुख्य व बोलणे गौण होते. पुढे १९७० च्या विश्वचषकाच्या वेळी आय.टी.व्ही.ने माल्कम ॲलिसन, डेरेक डूगन, पॅट क्रेरंड आणि बॉब मॅकनॅब यांना एकत्र बसवून बोलते केले. जाणकारांचा आपसांतील वाद हेच तेव्हा आकर्षण ठरले. सूत्रधाराचा प्रश्न, दृश्याची पुनरावृत्ती आणि माजी खेळाडूचा अभिप्राय हा आजचा परिचित साचा त्यानंतर रूढ झाला.

या साच्याचा गुण उघड आहे. चेंडूमागे धावणाऱ्या आपल्या नजरेला चेंडूपासून दूर असलेला खेळाडू दिसत नाही. त्याने वेळीच जागा सोडल्यामुळे बचावफळीत खिंडार कसे पडले, हे चांगला भाष्यकार चित्र थांबवून दाखवितो. न दिसलेले दिसू लागते. समीक्षेचे पहिले कार्यही हेच होय.

दोष मात्र याच गुणाच्या पोटी जन्मतो. क्रिकेटमध्ये चेंडूगणिक काहीतरी नोंदले जाते. फुटबॉलमध्ये ९० मिनिटांच्या खेळाचा निर्णय पुष्कळदा एकाच गोलावर होतो, व त्या गोलात योगायोगाचा वाटा थोडाथोडका नसतो. भाष्यकाराला निकाल आधीच ठाऊक असतो आणि वेळ दोन-तीन मिनिटांचाच असतो. त्यामुळे जिंकलेल्या संघाचे सारे डावपेच त्याला योग्य व हरलेल्याचे सारे चुकीचे दिसू लागतात. जे घडले ते अटळच होते, असा भास प्रेक्षकाच्या मनात निर्माण होतो.

१९ ऑगस्ट १९९५ चे उदाहरण प्रसिद्ध आहे. मँचेस्टर युनायटेडने काही अनुभवी खेळाडू नुकतेच विकले होते. ॲस्टन व्हिलाने त्यांना ३-१ असे हरविल्यावर ॲलन हॅन्सन यांनी ‘मॅच ऑफ द डे’मध्ये, पोरांच्या बळावर काही जिंकता येत नाही, अशा आशयाचा अभिप्राय दिला. १९९६ च्या मे महिन्यापर्यंत त्याच संघाने लीग व एफ.ए. कप दोन्ही पटकाविले. तेव्हापासून हा अभिप्राय थट्टेचा विषय झाला आहे. परंतु थट्टा करणारेही निकालावरूनच न्याय करतात, हे ध्यानात घ्यावयास हवे. त्या दिवशीच्या खेळातील उणिवा हॅन्सन यांनी अचूक टिपल्या होत्या काय, हा खरा प्रश्न. तो थट्टेत बुडून गेला. निर्णायक फटका खांबाला लागून परतला असता तरी जे विश्लेषण टिकले असते, तेच विश्लेषण खरे, अशी कसोटी येथे सुचवाविशी वाटते.

ही कसोटी प्रेक्षकाला लावता यावी, तर त्याच्याजवळ त्या खेळाची भाषा हवी. गोंदिया शहराजवळच्या मुर्रीचे उदाहरण घेऊ. या परिसरात मराठी, हिंदी व पोवारी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. दूरचित्रवाणीवरील फुटबॉलची चर्चा मात्र येथे मुख्यतः इंग्रजीतून वा हिंदीतून पोहोचते. मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला ती समजत नाही असे नाही. पण तिच्याशी वाद घालण्याचे शब्द त्याच्यापाशी सिद्ध नसतात. अभिप्राय त्याच्याकडे निवाड्याच्या रूपाने येतो. क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे. बाळ ज. पंडित यांच्यासारख्यांच्या आकाशवाणीवरील मराठी धावत्या वर्णनामुळे षटक, यष्टिरक्षक, पायचीत हे शब्द घरोघरी रुळले, आणि मैदान कधीही न पाहिलेला श्रोतादेखील पंचांच्या निर्णयावर तावातावाने बोलू लागला.

मराठीत फुटबॉलविषयी बोलणारा समाजच नाही, असे मात्र कोणी समजू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ यांचे सामने पाहणारा प्रेक्षक खेळाची चिकित्सा मराठीतच करतो. ती मैदानावर व पेठेत बोलली जाते आणि बहुतांशी तेथेच विरून जाते. तिच्यातील शब्द टिपून घेण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. तसेच एखाद्या रविवारची चर्चा उतरवून घ्यावी, आणि पाहिलेले किती, अनुमानलेले किती व निकालावरून रचलेले किती, याची वर्गवारी करावी. शेवटचा भाग बराच मोठा भरेल असा आमचा अंदाज आहे. ग्रंथाची आवृत्ती खपली की त्याचे गुण आपोआप सापडू लागतात, हा साहित्यसमीक्षेतील अनुभव पाहता, ही वर्गवारी आपल्या विभागालाही उपकारकच ठरेल.