मार्ग्युलिसबाईंचे बंड आणि बंडाबाहेरचा पुरावा

लिन मार्ग्युलिस यांचे ‘सिम्बायॉटिक प्लॅनेट’ हे छोटेखानी पुस्तक १९९८ साली निघाले. थोडे आत्मकथन, बाकी विज्ञान. पेशी शिकवणाऱ्या शिक्षकांनी ते जरूर वाचावे. मात्र त्यातली गोष्ट वर्गात जशीच्या तशी सांगू नये, असे आम्हाला वाटते.

गोष्ट थोडक्यात अशी. १९३८ साली शिकागोत जन्म, एकोणिसाव्या वर्षी कार्ल सेगन यांच्याशी लग्न, दोन मुले, घटस्फोट, १९६५ साली बर्कलेची डॉक्टरेट. मग १९६७ चा प्रसिद्ध निबंध. आपल्या पेशीतील तंतुकणिका आणि वनस्पतींतील हरितलवके हे कोणे एके काळी स्वतंत्र जगणारे जीवाणू होते. ते दुसऱ्या पेशीत शिरले, पचले गेले नाहीत आणि तिथेच नांदू लागले, असा त्याचा आशय. सुमारे पंधरा नियतकालिकांनी तो साभार परत केला होता. शेवटी छापून आला तेव्हा लेखिकेचे नाव होते लिन सेगन.

इथून बहुतेक सांगणारे ‘आणि अखेर जगाने मान्य केले’ या वाक्यावर उडी मारतात. मधली दहा-पंधरा वर्षे गळून पडतात. आणि विज्ञान तर तिथेच आहे!

मुळात कल्पना नवी नव्हती. रशियाच्या मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ साली हरितलवकांबद्दल, तर अमेरिकेच्या वॉलिन यांनी १९२० च्या दशकात तंतुकणिकांबद्दल तसेच म्हटले होते. बाई हे ऋण मोकळेपणी मान्य करतात. पण त्या दोघांकडे कल्पना तपासण्याचे साधन नव्हते. १९६२ साली बाईंचे शिक्षक हान्स रिस आणि वॉल्टर प्लॉट यांनी एका शेवाळाच्या हरितलवकात डीएनए दाखवला; पुढच्याच वर्षी नॅस दांपत्याला तो तंतुकणिकांत दिसला. एके काळी विषमज्वरावर सर्रास दिले जाणारे क्लोरॅम्फेनिकॉल जीवाणूंची प्रथिननिर्मिती थांबवते. तंतुकणिकांतलीही थांबवते, भोवतालच्या पेशीद्रवातली मात्र नाही.

तरीही शंकेला जागा होती. हा डीएनए पेशीच्या स्वतःच्या केंद्रकातूनच बाहेर आला नसेल कशावरून? ही शंका घेणारे काही आडमुठे नव्हते. निवाडा करणारी कसोटी १९७५ साली कॅनडात लिंडा बोनेन आणि फोर्ड डूलिटल यांनी लावली. लाल शेवाळाच्या हरितलवकातील रायबोसोमी आरएनए त्यांनी तपासला. तो त्याच शेवाळाच्या पेशीद्रवातील आरएनएशी नव्हे, तर जीवाणूंच्या आरएनएशी जुळणारा निघाला.

आता त्याच निबंधातला दुसरा दावा पाहा. कशाभिका आणि पक्ष्माभिका, म्हणजे शुक्रपेशीच्या शेपटीपासून आपल्या श्वासनलिकेतील हलत्या रोमांपर्यंत सारे, हेही स्पायरोकीट नावाच्या वळवळणाऱ्या जीवाणूंपासून आले, असे बाईंचे म्हणणे. पुस्तकात त्यावर त्यांचा जीव जडलेला दिसतो. पण कसोटी तीच लावली तर हाती काही लागत नाही. कशाभिकेच्या बुडाशी डीएनए असल्याचा दावा १९८९ साली झाला, तो टिकला नाही. बाईंनी मात्र २०११ साली निधन होईपर्यंत ही कल्पना सोडली नाही.

म्हणजे बाई त्याच, निबंध तोच, जिद्दही तीच. एक दावा पाठ्यपुस्तकात गेला, दुसरा बाजूला पडला. पुस्तकाचा आवेश मात्र दोन्हीकडे सारखाच. विरोधक म्हणजे रूढीचे पाईक, अशा सुरामुळे कुठल्या शंकेला उत्तर मिळाले आणि कुठल्या नाही, हे वाचकाला धड कळत नाही. पुस्तकाचा मोठा दोष आम्हाला हाच वाटतो. लोकसंख्या-जनुकशास्त्राला त्या ज्या घाईने झटकून टाकतात, तेही रुचत नाही.

तरी पुस्तक वाचावे ते सहजीवनाकडे पाहण्याच्या त्यांच्या नजरेसाठी. शिकवताना त्याला क्वांग जिऑन यांच्या प्रयोगाची जोड द्यावी. १९६६ साली त्यांच्या प्रयोगशाळेतील अमीबांना जीवाणूंची लागण झाली. बहुतेक अमीबा मेले. थोडे जगले, आणि हजारो जीवाणू पोटात घेऊन त्यांची प्रजा वाढत राहिली. काही वर्षांनी जिऑन यांनी अशा अमीबाचे केंद्रक काढून लागण न झालेल्या अमीबात बसवले. तो अमीबा जगेना. त्यात ते जीवाणू टोचून घातले, तेव्हा मात्र जगला.