२७५४५ : वाऱ्याच्या कोडमधला हरवलेला पाच

ज्यांना हवामानाच्या डेटावर पीएचडी करायची आहे, त्यांनी आधी हा आकडा बघा: २७५४५. यात वाऱ्याची दिशा किती आणि वेग किती? लगेच उत्तर आलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. या एका आकड्यापायी माझे चार महिने गेलेत.

मी भाईंदरला राहतो. इथून दक्षिणेला साधारण २५ किलोमीटरवर सांताक्रूझची वेधशाळा आहे. जागतिक यादीत तिचा नंबर ४३००३. तिथून रेडिओसोंड बांधलेला फुगा सोडतात. मुख्य वेळ ०० यूटीसी, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. फुग्याने केलेल्या मोजणीचा अहवाल वर्षानुवर्षं ज्या रूपात जगभर गेला, त्याला टेम्प कोड म्हणतात. नुसत्या वाऱ्याचा अहवाल असेल तर पायलट कोड. आज या कोडची थोडी उलटतपासणी करू.

समजावण्यासाठी मी एक ओळ बनवली आहे. खऱ्या दिवसाची नाही, आणि मधले बरेच गट गाळलेत:

टीटीएए ६२००१ ४३००३ … ८५४३२ १८६१८ २७५४५

६२००१ मधले पहिले दोन आकडे म्हणजे तारीख. पण ६२ तारीख कुठून आली? तारीख आहे १२. तिच्यात ५० मिळवलेत. त्याचा अर्थ, वाऱ्याचा वेग नॉटमध्ये दिलाय. ५० मिळवले नसते तर तो मीटर प्रति सेकंद धरायचा. पुढचे ०० म्हणजे वेळ, आणि शेवटचा १ सांगतो की वारा १०० हेक्टोपास्कलपर्यंत दिलेला आहे.

८५४३२ म्हणजे ८५० हेक्टोपास्कलची पातळी, उंची १४३२ मीटर. हजाराचा १ लिहिलेलाच नाही, तो तुम्हाला माहीत असायला हवा. १८६१८ मध्ये तापमान १८.६ अंश; तिसरा आकडा सम आहे म्हणून शून्याच्या वर. विषम असता तर उणे. शेवटचे १८ म्हणजे दवबिंदू तापमानापेक्षा १.८ अंशांनी खाली.

आता आपला २७५४५. वरवर बघाल तर २७० अंश आणि ५४५ नॉट. इतका वारा पृथ्वीवर कुठेच नसतो. गोम अशी, की दिशा जवळच्या पाच अंशांपर्यंत देतात, पण जागा फक्त दोन आकड्यांची. मग २७५ मधला ५ ठेवायचा कुठे? तो वेगाच्या शेकड्याच्या जागी मिळवतात. म्हणून ०४५ चे झाले ५४५. खरं उत्तर: दिशा २७५ अंश, वेग ४५ नॉट.

पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला भारी वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं. तार आणि टेलिप्रिंटरच्या काळात एकेका आकड्याला किंमत होती. पाच आकड्यांच्या गटांत दिशा, वेग, उंची, तापमान सगळं बसवणं सोपं नव्हतं. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये मांडलेला उष्णकटिबंधीय पूर्वेचा जेट असो, किंवा जोसेफ आणि रामन यांनी १९६६ मध्ये दाखवलेला द्वीपकल्पावरचा खालचा पश्चिमी जेट, दोन्हींच्या मागे वरच्या हवेतल्या वाऱ्याची अशीच काटकसरीने जपलेली निरीक्षणं आहेत.

मग तक्रार कसली? हा कोड अर्धी माहिती कागदावर ठेवतो आणि अर्धी वाचणाऱ्याच्या डोक्यात. रोज तेच काम करणाऱ्या निरीक्षकाला त्याचा त्रास नाही. पण तीस वर्षांनी तीच फाइल उघडून पायथॉन चालवणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यात ती अर्धी माहिती असेलच असं नाही.

माझ्याबाबतीत तेच झालं. माझ्या स्क्रिप्टने ५०० वजा करून वेग बरोबर काढला, पण दिशेत ५ मिळवायला मी विसरलो. २७५ चे झाले २७०. वेग बरोबर दिसत होते, म्हणून संशयही आला नाही.

इथे नीट लक्ष द्या. जवळच्या पाच अंशांपर्यंत दिशा देण्याने होणारी चूक कधी इकडे, कधी तिकडे जाते. सरासरीत ती बरीचशी विरते. विसरलेला पाच मात्र नेहमी एकाच बाजूला ओढतो. साधारण निम्म्या नोंदी पाचाने संपत असतील, तर सरासरी दिशा अडीच अंशांनी कमी येते. ४५ नॉटच्या पश्चिमी वाऱ्यात याचा अर्थ उत्तर-दक्षिण घटकात सुमारे २ नॉट, म्हणजे सेकंदाला १ मीटरची खोटी भर. माझी नंतरची वर्षं बफर या नव्या रूपातली होती, तिथे दिशा पूर्ण अंशांत मिळते. दोन्ही जोडल्यावर काय दिसलं असेल? मान्सूनचा वारा वळतोय! मी तर प्रकरणाचं शीर्षकसुद्धा ठरवून टाकलं होतं.

गाईडनी एकच प्रश्न विचारला, "दिशांचा हिस्टोग्राम काढलास का?" काढला. जुन्या वर्षांत सगळ्या दिशा दहाच्या पटीत, पाचाने संपणारी एकही नाही. वारा कुठेही वळला नव्हता.

बफर आल्याने प्रश्न संपला, असंही समजू नका. त्यात प्रत्येक पातळीची वेळ आणि फुग्याची जागा देता येते. टेम्पमध्ये सगळा फुगा जणू सांताक्रूझच्या डोक्यावरच सरळ चढला असं धरलं जातं. प्रत्यक्षात जुलैत तो पश्चिमेच्या वाऱ्याने आधी ठाण्याच्या बाजूला १५-२० किलोमीटर सहज जातो आणि वर पूर्वेचा जेट लागला की परत फिरतो. पण काही ठिकाणी जुना टेम्पच यंत्राने बफरमध्ये घालून पाठवला गेला. अशा फाइलवर नाव नवं असतं, आतली दिशा मात्र पाचाच्याच पटीत. शिवाय बफर द्विमान आहे, डोळ्यांनी वाचता येत नाही. टेम्पमधली चूक निदान बोट ठेवून दाखवता येते.

म्हणून माझी विनंती एवढीच: कोणताही डेटा हातात आला की निदान दहा नोंदी पेन घेऊन, कोडचे नियम समोर ठेवून हाताने उलगडा. मग हिस्टोग्राम काढा. ट्रेंड त्यानंतर. मी उलट क्रमाने गेलो आणि प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण काढून टाकावं लागलं.

आता वर जाऊन २७५४५ परत वाचा. आणि हे घरी सोडवा: ०९६२०, वेग नॉटमध्ये. उत्तरात दिशा ९० आली, तर तुमचाही पाच हरवलाय.