'पिरानेसी' : बंदिवासातील कृतज्ञता

अद्भुतरम्य कादंबरी म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, अशी आमची समजूत होती. सुझॅना क्लार्क या इंग्रज लेखिकेची 'पिरानेसी' (२०२०) वाचल्यावर ती आम्हास बदलावी लागली. या कादंबरीस २०२१ साली इंग्लंडमधील विमेन्स प्राइझ लाभले. अठराव्या शतकात काल्पनिक तुरुंगांची चित्रे कोरणाऱ्या इटालियन कलावंताचे नाव नायकास मिळाले आहे, तेही सहेतुक आहे.

अंत नसलेल्या एका विराट घरात हा नायक राहतो. खालच्या दालनांत समुद्राची भरती येते, वरच्या दालनांत ढग दाटतात आणि मधल्या दालनांत पुतळेच पुतळे! तो मासे धरतो, भरती-ओहोटीची कोष्टके मांडतो, तेरा मृतांच्या अस्थींची निगा राखतो. घरटे बांधू पाहणाऱ्या अल्बाट्रॉस पक्ष्यांना तो जळणासाठी राखलेले सुके शेवाळ देऊन टाकतो. हे घर आपणांस पोसते, अशी त्याची श्रद्धा आहे.

वस्तुतः ते घर त्याचा तुरुंग आहे. केटर्ली नामक विद्वानाने त्यास फसवून तेथे नेले आणि तेथील वास्तव्याने त्याची स्मृती हरपली. सी. एस. लुईस यांच्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मधील, प्रयोगासाठी मुलांना संकटात लोटणाऱ्या मामाचे आडनावही केटर्लीच. दोघांच्याही लेखी माणूस हे केवळ साधन.

मग फसवणुकीत वाढलेली ही कृतज्ञता खरी मानावी काय? 'आहे त्यात समाधान माना' असा उपदेश गांजलेल्यांना आम्हीही वेदीवरून केला आहे. त्यामुळे हा प्रश्न आम्हास झोंबला. लेखिका त्यास बगल देत नाही. सत्य उमगताच नायक संतापतो आणि अखेर सारा रॅफेल या पोलीस अधिकारी स्त्रीबरोबर आपल्या जगात परततो. परंतु तेथे एका अनोळखी वृद्धाकडे पाहताना त्यास त्या घरातील राजाचा पुतळा आठवतो. केटर्लीचा अपराध त्यामुळे सौम्य होत नाही. मात्र बंदिवानाच्या अंतःकरणातील चांगुलपणा केटर्लीची देणगी नव्हती, हे कळते.

केटर्लीचा शेवट मात्र महापुराने परस्पर उरकला आहे. त्याच्या मनात डोकावण्याचे कष्ट लेखिकेने घ्यावयास हवे होते. हे उणे मान्य करूनही, आमच्या वाचकांनी ही कादंबरी अवश्य वाचावी. विशेषतः इतरांस समाधानाचा उपदेश करणाऱ्यांनी.