ओवीमागे सोन्याचं नाणं

दरबारी कवी म्हटला की आपल्या कपाळावर आठी पडते. पडायलाच पाहिजे. देवगिरीला रामदेवराव यादवाच्या (१२७१ ते १३११) पदरी हेमाद्री पंडित व्रतवैकल्यांचा ढीग रचत होता. नरेंद्र कवीही त्याच दरबारातला. यादवांचं जुनं ठाणं सिन्नर, आमच्या निफाडच्या शिवेला लागून. म्हणजे राजा तसा शेजारचाच.

नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर' तेराव्या शतकाच्या अखेरीचं. कथा जुनीच, भागवतातली. भावानं ठरवलेल्या शिशुपालाला रुक्मिणी नाकारते, कृष्णाला स्वतः निरोप धाडते. प्राध्यापक मंडळी त्यातल्या उपमा मोजत बसतात. बसू द्या. खरी गोष्ट पोथीबाहेर घडली.

महानुभावांचं 'स्मृतिस्थळ' सांगतं, की काव्य ऐकून राजा खूश झाला. म्हणाला, ह्यावर माझं नाव घाल, ओवीमागे सोन्याचं नाणं देतो. नरेंद्र नाही म्हणाला. कवींच्या कुळाला बोल लागेल, एवढंच कारण! दरबार सोडून तो नागदेवाचार्यांकडे गेला. हाती लागल्या नऊशेच्या आसपास ओव्या. काव्य आजही अपुरंच मिळतं.

हे वाचलं आणि मला घाम फुटला. मागं एका पुढाऱ्याला मी जयंतीचं गाणं लिहून दिलं होतं. पत्रकावर नाव त्याचं छापलं. मी पाचशे रुपये घेतले न् गप बसलो. आई ओट्यावर बसून तेच गाणं गुणगुणत होती. तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

म्हणून नरेंद्राला डोक्यावर घ्यायचं का? नाही. त्याच्याकडे अक्षर होतं, जायला पंथ होता. आपल्या आज्यापणज्यांकडे दोन्ही नव्हतं. त्यांच्या गाण्यावर नाव घालायला कुठला राजा आला? शिवाय ह्या महाकाव्यांना राजवाड्यातलीच पोरगी लागते. आपण आलोच तर शंबूक, एकलव्य म्हणून. डोकं द्यायला, अंगठा द्यायला. त्याच काव्यातल्या रामाचं दार १९३० साली नाशकात आपल्याला बंद होतं. आणि राजाच्या हातून सुटलेली ही ओवी तरी लोकांत आली का? पंथाच्या पोथ्या पुढं सांकेतिक लिपीत गेल्या. विसावं शतक उजाडेपर्यंत बाहेरच्याला त्यातलं अक्षर लागत नव्हतं.

तरी तो 'नाही' मला सोडत नाही. पत्रकाची एक प्रत माझ्या ट्रंकेत आहे. परवा काढून पुढाऱ्याचं नाव पेनानं खोडलं. तिथं माझं लिहायला अजून हात धजत नाही.